बारा बाजूंचा आल्बम

राग माझ्या नाकावर असतो, हे उमेळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. असतो तर असतो. नाक माझं, राग माझा, कुणाकडे उसना मागायला जात नाही. पण त्या दिवशी सिप्रियन माझ्या ओटीवर बसून जे बोलला, ते ऐकून चर्चमधल्या पुतळ्यालाही राग आला असता.

सिप्रियन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कॅथरीनचा नवरा. कॅथरीन आता नाही. जावई म्हणून मी त्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणते. मनात काय म्हणते ते देवाला माहीत.

"लुईझाबाय," तो म्हणाला, "ग्रेसीच्या लग्नाला पाण्याचं गाणं नको."

मी तांदूळ पाखडत होते. सूप खाली ठेवलं.

"नको म्हनजे?"

"म्हणजे बाजा लावू. आमचा गोरा साहेब विलायतेला गेला ना, जाताना त्याचा ग्रामोफोन मला देऊन गेला. आल्बम आहेत ढीगभर. नवऱ्यामुलाची माणसं पडली बांद्र्याची, शिकलेली. त्यांना आपलं हे गाणंबिणं..."

गाणंबिणं! ऐकलंत?

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचा रस चोळून न्हायला घालतात. पाणी घरच्याच विहिरीचं. पण त्याआधी त्या घरात मेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं, एकेकाचं नाव घेऊन. नाव मी घेते, गाण्यात. "ये गो ये, लेकीच्या न्हान्याला ये," असं मी गायलं की घरच्या बायांनी उत्तर द्यायचं, "आली गो, आली." मग त्या नावाचा एक तांब्या नवरीच्या खांद्यावर. उत्तर आलं नाही तर आणखी दोनदा बोलवायचं. तरी कुणी बोललं नाही तर तांब्या नाही, ते माणूस मांडवाबाहेरच राहिलं असं समजायचं. नवरीनं तोंड उघडायचं नाही, तिनं नुसतं भिजायचं. आधी माझी आई गायची, तिच्यामागे मी गाते. उमेळ्यात आमच्या माणसांतली एक पोरगी माझ्या गाण्यावाचून न्हालेली नाही. आणि कॅथरीनची लेक, माझी सख्खी भाची, बाजावर न्हाणार!

"बांद्र्याच्या मानसांवर कशाला ढकलता?" मी म्हटलं. "सरळ सांगा ना, कॅथरीनचं नाव नको म्हनून."

सिप्रियन गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्या दिवशीही तो असाच गप्प बसला होता.

तेही सांगून टाकते, म्हणजे मला उगाच भांडकुदळ म्हणायला नको. कॅथरीन विहिरीत पडून गेली तेव्हा ग्रेसी दोन वर्षांची होती. त्यांच्या केळीच्या वाडीत विहीर आहे. त्या विहिरीवर आडवी फळी, तिच्यावर उभं राहून पाणी शेंदायचं. ती फळी कुजली होती. कॅथरीननं नवऱ्याला सांगून सांगून जीभ झिजवली. "उद्या बदलतो," हा त्याचा जप. आणि एका सकाळी फळी मोडली. आम्ही तिला बाहेर काढली तेव्हा हातातला दोर तसाच होता. पाद्रींनी सिप्रियनला विचारलं, "पाय घसरला, की तिनंच जीव दिला?" ह्यानं मान खाली घातली. बस्स. मी बोंबलून सांगितलं, फळी मोडली, फळी मोडली! सगळे बघायला गेले, तर विहिरीवर नवीकोरी फळी. जुनी चुलीत गेलेली. जो माणूस सहा महिने फळी बदलेना, त्यानं ती एका सकाळीत बदलली. मग माझं कोण ऐकतो? बहीण, ती असंच म्हणणार. खरं बोलला असता तर गावानं म्हटलं असतं, आळसापायी बायको मारली. त्यापेक्षा बायकोच्या नावाला काळं फासलेलं परवडलं. जीव दिला असं ठरलं, म्हणून कॅथरीनसाठी चर्चची घंटा वाजली नाही. तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरली, चिंचेखाली. वर्ष व्हायच्या आत ह्यानं सुझान करून आणली. आता सांगा, माझा राग चुकीचा आहे?

तर मी सिप्रियनला सांगितलं, "बाजा लावा, नाहीतर तोफा लावा. मी येत नाही." आणि त्याच्या पाठीमागे ओटी झाडून काढली.

दुसऱ्या दिवशी ग्रेसी आली. पोरगी वाळकासारखी कोवळी, पण हट्टाला माझ्यावर गेलेली. "मावशी, तू नाही आलीस तर मी न्हायलाच बसणार नाही. बाबा म्हणतात, तुझा मान म्हणून आल्बम तूच निवड. माझ्यासाठी एकदा ऐक तरी."

"मान! खेटर मारायचं आनि वर मलम लावायचं!"

"मावशी..."

काय करू? तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मला कॅथरीन दिसते. गेले. दारातच सिप्रियननं मला क्रुसासमोर उभी केली. म्हणे, "बाजा चालू असताना मी तोंड उघडणार नाही, असं वचन द्या, लुईझाबाय. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ग्रेसी बघत होती. मी क्रुसावर हात ठेवला आणि त्याचेच शब्द त्याला परत दिले: बाजा चालू असताना मी तोंड उघडणार नाही. तो कामावर निघून गेला.

ओटीवर टेबल मांडलं होतं. त्यावर ती पेटी, वर तिचा कर्णा. बाजूला आल्बम. मला वाटलं होतं फोटोंचे असतील. तर जाडजूड पुस्तकं, पानांच्या जागी कागदाच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एक काळी तबकडी. ग्रेसी चावी फिरवायची, नवी सुई लावायची, आणि हळूच तबकडीवर टेकवायची. आत स्वयंपाकघरात सुझान मसाला वाटत होती. मला बघून नुसती मान हलवली. मी तेवढंही केलं नाही. नाव पुसायची अक्कल सिप्रियनच्या डोक्यातली नव्हे, ही हिचीच, असं मी धरूनच चालले होते. सवतीचं नाव आपल्या मांडवात कुणाला हवं असतं?

पहिला आल्बम सिनेमातल्या गाण्यांचा. बाई नाकात गात होती. दर गाण्यात कुणीतरी कुणाला तरी सोडून निघालेलं, आणि मागे राहिलेली रडतेय. 

"ही काय मयताला आलीय?" मी म्हटलं. "लग्नाच्या आदल्या दिवशी हे ऐकवलं तर नवरी पळून जाईल."

"मावशी, हे सध्या सगळीकडे वाजतं."

"पटकी पन सगळीकडे होते. काढ."

दुसरा नाटकातल्या पदांचा. एक बुवा एक अक्षर धरून बसला तो सोडायलाच तयार नाही. आ, आ, आ, आ. रहाटाचा बैल तरी फिरून फिरून पाणी वर आणतो. ह्याच्याकडून एक शब्द बाहेर येईना. मी ग्रेसीला विचारलं, ह्याला कुणी जेवायला वाढलं नव्हतं का? ती हसत सुटली. तबकडीची दुसरी बाजू लावली तर तिथेही तोच, तसाच अडकलेला. आवाज मात्र दणदणीत होता, खोटं कशाला बोलू? एवढा आवाज देवानं दिला आणि त्यानं तो एका अक्षरावर उधळला, ह्याचाच मला जास्त राग आला.

तिसरा साहेबाच्या नाचाचा. तुताऱ्या, ढोलकी, मध्येच कुणीतरी शिट्टी घातली. ग्रेसी उठून ओटीवर गोल गोल फिरायला लागली. फ्रॉक फुलला, पाय असे पडायला लागले की माझीही टाच हलली. हलली तशी मी ती दाबून धरली. कॅथरीन अशीच नाचायची, सणाला, अंगणात, कुणी बघत नाही असं बघून. "बस कर," मी ओरडले. ग्रेसी थांबली, बिचारी घाबरली. मग मला माझाच राग आला आणि मी सुझानच्या चहाला नावं ठेवली.

चौथा गोव्याकडच्या गाण्यांचा. भाषा अर्धी कळली, अर्धी नाही. दोन बाया, एक पुरुष, मागे व्हायोलिन. गाणं चांगलं होतं. म्हणजे फारच चांगलं होतं, मेलं. होडी, वारा, वाट बघणं, असं काहीतरी. ते संपलं आणि ग्रेसीनं सुई उचलली.

"हा लावूया?" ग्रेसीनं विचारलं.

"चांगला हाय," मी म्हटलं. "पन ती गोव्याची बाय तुझ्या आजीला ओळखते का? तुझ्या आज्याला? कोनाला बोलावनार ती?"

ग्रेसी तबकडी पुसत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "मावशी, एक विचारू? आई मला सोडून गेली ना? मी दोन वर्षांची होते. माझा कंटाळा आला असेल का तिला?"

जेजू मारी! माझ्या हातातली कपबशी खाली पडायची राहिली.

"किती वेळा सांगितलं तुला? फळी मोडली!"

"तू सांगतेस. तू तिची बहीण. मग बाबा का कधीच बोलत नाहीत? फळी मोडली असती तर बाबा बोलले असते ना."

पोरगी बरोबर बोलत होती. माझ्या शंभर वेळा सांगण्याला किंमत नव्हती आणि त्याच्या एका शब्दाला होती. उद्या ही नवऱ्याच्या घरी जाणार, तिला पोरंबाळं होणार, आणि प्रत्येक पोराला दूध पाजताना हिच्या मनात येणार की माझी आई मला टाकून गेली. कॅथरीनच्या नावाचा तांब्या हिच्या खांद्यावर पडायलाच हवा होता. गावासाठी नाही, पाद्रींसाठी नाही, हिच्यासाठी. आणि मी मूर्ख क्रुसावर हात ठेवून बसले होते.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "पुढची लाव."

पाचव्या आल्बमात तबकड्या जुनाट, घासलेल्या, आधी खरखर आणि मग गाणं. हिंदुस्थानी बाई गात होती, झपाझप, कुणी मागे लागल्यासारखी. गाणं संपलं. मला वाटलं झालं. तेवढ्यात बाईनं खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडलीच. आणि मग तबकडी संपली.

"हे काय?"

"पूर्वी असंच असायचं, मावशी. बाबा म्हणत होते. गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव सांगायचं, म्हणजे कुणाची तबकडी ते विसरायला नको."

मी ते परत लावायला सांगितलं. गाण्यासाठी नाही, नावासाठी. किती वर्षांपूर्वीची बाई, असेल की मेली असेल कोण जाणे, पण हिचं नाव साहेबाच्या घरातून सिप्रियनच्या ओटीवर आलं. आणि कॅथरीनचं नाव तिच्याच वाडीत, तिच्याच विहिरीपाशी घ्यायचं नाही. मला इतका राग आला की डोकं दुखायला लागलं. आत पाट्यावरचा आवाजही थांबला होता. सुझान दारात उभी राहून ऐकत होती.

शेवटचा आल्बम सगळ्यांत जाड. सहा तबकड्या, बारा बाजू. ग्रेसी म्हणाली, "हे सगळं मिळून एकच आहे, मावशी. कुणा जर्मन माणसाचं. गाणं नाहीच, नुसती वाद्यं."

सुई टेकली आणि घरावर माड पडल्यासारखा आवाज झाला. शंभर माणसं एकदम भांडत होती. मध्येच समेट झाल्यासारखं वाटायचं, की परत कुणीतरी ढोल बडवायचा. इतका राग करायला ह्या माणसाचं कुणी काय केलं होतं? पहिल्यांदाच मला वाटलं, चला, माझ्यासारखं कुणीतरी आहे. मी जरा पुढे सरकून बसले. आणि नेमकं आता काहीतरी होणार, शंभरच्या शंभर एकदम उठणार, अशा वेळी, खट्. बंद. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात दाबावा तसं.

"काय झालं? मोडला?"

"नाही मावशी, बाजू संपली. आता उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची, मग पुढचं. एका बाजूला चारेक मिनिटंच मावतात."

"आनि तेवढा वेळ बाजा बंद?"

"हो, बंदच."

मी तिच्याकडे बघितलं. मग क्रुसाकडे बघितलं. बाजा चालू असताना मी तोंड उघडणार नाही. सिप्रियनचे स्वतःचे शब्द.

"हाच," मी म्हटलं. "न्हान्याला हाच लावायचा. सगळाच्या सगळा."

"मावशी, हा? हा तर कुणालाच कळणार नाही!"

"बांद्र्याच्या शिकलेल्या मानसांना कळेल. तुझ्या बापाला सांग, लुईझाबायनं निवडला."

दारातून सुझाननं माझ्याकडे टक लावून बघितलं. मला वाटलं, हिनं ओळखलं, आता नवऱ्याला सांगणार. सांग म्हटलं, सांग मेले.

न्हाण्याच्या दिवशी मांडव भरला होता. ग्रेसी पाटावर, जुन्या साडीत, केसांतून नारळाचा रस ओघळतोय. विहिरीचं पाणी घागरीतून आलेलं. तांब्या माझ्या हातात. बांद्र्याच्या दोन बाया खुर्च्यांवर, पायांत बूट. सिप्रियननं नवा कोट घातला होता आणि बाजापाशी स्वतः उभा होता, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे वचन लक्षात आहे ना. मीही डोलावली.

पहिली बाजू लागली. ढोल वाजला तशी शेजारची जिजा दचकून उठली. "गे माय, ही काय लढाई लागली?" बाया पदरात हसायला लागल्या. बांद्र्याच्या बाया हसल्या नाहीत, त्यांनी चेहरे गंभीर केले. मी मुकाट उभी. वचन म्हणजे वचन.

खट्. बाजू संपली.

सिप्रियन वाकला, तेवढ्यात मी आवाज लावला. तोंडातून पहिलं नाव काढलं ते त्याच्याच बापाचं. "ये रे ये, नातीच्या न्हान्याला ये!" बायांच्या अंगात ते मुरलेलं. विचार न करता सगळ्यांनी उत्तर दिलं, "आला गो, आला!" तांब्या ग्रेसीच्या खांद्यावर गेला.

सिप्रियन लाल झाला. "लुईझाबाय! वचन!"

"बाजा बंद हाय, भावोजी," मी म्हटलं. "तुमचेच शब्द."

मांडवात खसखस पिकली. त्यानं घाईघाईनं दुसरी बाजू लावली. मी गप्प. ती संपली, मी त्याच्या आईला बोलावली. आता आईला येऊ नको म्हणणार? बायांनी उत्तर दिलं, तांब्या पडला. तिसरी बाजू संपली, तापात गेलेल्या त्याच्या भावाला बोलावलं. तोही आला. आता बाया बाजाकडे लक्षच देईनात. ढोल वाजले की गप्पा, बंद पडला की सगळ्या सरसावून बसत. पुढचं नाव कुणाचं, हे सिप्रियनला कळलं होतं. त्यानं ती बाजू घाईनं उलटली, चावी गरागरा फिरवली. चार मिनिटं ती शंभर जर्मन माणसं भांडली आणि मी ग्रेसीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले.

खट्.

"ये गो ये, कॅथरीन, लेकीच्या न्हान्याला ये!"

कुणी बोलेना. इतक्या बाया आणि एकीच्या तोंडून शब्द नाही. जिजा जमिनीकडे बघायला लागली. ज्या मला आत्ता आत्ता हसून दाद देत होत्या त्या सगळ्या पदराची टोकं चाचपायला लागल्या. ग्रेसीचा खांदा माझ्या हाताखाली ताठ झाला.

"ये गो ये, कॅथरीन, लेकीच्या न्हान्याला ये!"

सिप्रियनला तबकडी पिशवीतून निघेना. बांद्र्याच्या बाईनं विचारलं, "कॅथरीन कोण?" आणि कुणी तिला सांगितलं नाही. आता एकदाच बोलवायचं राहिलं होतं. ह्या वेळीही उत्तर आलं नाही तर कॅथरीन कायमची भिंतीबाहेर, आणि ह्या वेळी तिला बाहेर ठेवणारी मी असणार होते, भर मांडवात, तिच्या लेकीसमोर.

तिसऱ्यांदा मी गायले नाही, ओरडले. त्या तबकडीतल्या बाईसारखी. "ये गो ये, कॅथरीन!"

"आली गो, आली."

आवाज मागून आला. सुझान. हळदीचे हात पदराला पुसत ती बायांमधून पुढे आली, माझ्या हातातला तांब्या घेतला, घागरीत बुडवला आणि ग्रेसीच्या खांद्यावर रिकामा केला.

सिप्रियनच्या हातात तबकडी होती. "सुझान, तू कशाला मध्ये..."

"मी नाय तर कोन?" सुझान म्हणाली. सोळा वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "सोळा वर्सं मी त्या विहिरीवर पानी काढते. तिच्याच जागी उभी ऱ्हाऊन. आल्या दिवशीच बघितलं, सगळं लाकूड जुनं आनि फळी तेवढी नवी. चांगली फळी काढून कोन नवी घालतो वो? मी कधी विचारलं नाय. आज पोरगी चाललीय. तिला सांगा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सोळा वर्षं मी हिच्या चहाला नावं ठेवली.

मग ग्रेसी बोलली. नवरीनं बोलायचं नसतं, पण बोलली. केसांतून रस गळतोय, दात वाजताहेत. "बाबा, आईनं उडी मारली?"

सिप्रियननं एकदा बाजाकडे बघितलं. बाजा बंद होता. त्याच्यामागे लपायला काही राहिलं नव्हतं.

"फळी कुजली होती," तो म्हणाला. "ती मला रोज सांगायची. उडी नाही मारली तिनं, पोरी. फळी मोडली."

ग्रेसीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली, लहान पोर रडतं तशी, मोठ्यानं. सुझाननं तिला पोटाशी धरली. मागून जिजानं सुरुवात केली, "आली गो, आली," आणि मग सगळ्यांनी. आता! आता आली तुम्हाला वाचा!

सिप्रियन खुर्चीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. बायांना त्याची दया आली. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मला नाही आली. मला वाटलं होतं, ह्याच्या तोंडून हे एकदा ऐकलं की माझा राग उतरेल. कसला उतरतो! दुप्पट झाला. एवढंसं वाक्य, लहान पोराला पाठ व्हावं एवढं. ते पोटात ठेवून हा माणूस सोळा वर्षं जेवला, झोपला, चर्चमध्ये मिसाला गेला, आणि माझी बहीण चिंचेखाली बिनघंटेची पडून राहिली.

"हे पाद्रींना सांगायचं," मी म्हटलं. "तिला भिंतीच्या आत घ्यायची, आनि घंटा वाजवायची."

"सांगतो, लुईझाबाय. खरंच सांगतो. उद्या लग्न उरकलं की..."

उद्या! फळीसुद्धा हा माणूस उद्याच बदलणार होता.

मी तांब्या सुझानच्या हातात दिला, सिप्रियनला नव्या कोटाच्या बाहीला धरून उठवला, आणि बांद्र्याच्या बायांच्या समोरून, मांडवातून बाहेर, पाद्रींच्या घराच्या वाटेनं चालायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तोंडावर 'तू' म्हटलं.

"चल," म्हटलं. "आत्ता."